विश्लेषण : गणेश मंडळाने स्काउट पथक सुरू करावे का? आधी काय ठरवावे लागेल?

स्काउट म्हटले की गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी आणि ‘खरी कमाई’च्या दिवशी विकलेली भेळ आठवते. आपल्याकडे हे सगळे शाळेच्या आवारातच घडते. त्यामुळे प्रशिक्षित शिक्षकांची बदली झाली की अनेकदा पथकही बंद पडते. एका माणसावर उभी असलेली व्यवस्था तो माणूस गेल्यावर कोसळणारच. मग पथकाला शाळेबाहेरचा आधार मिळू शकतो का?

शाळेबाहेर पथक काढता येते का?

येते. भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिच्या रचनेत शाळेच्या पथकांबरोबरच ‘ओपन ग्रुप’चीही सोय आहे. त्यासाठीची चौकशी जिल्हा स्काउट-गाइड कार्यालयात करावी.

ही कल्पना नवीनही नाही. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले. तेव्हा बड्या शाळांतील मुलांसोबत कामगार वस्तीतील मुलेही होती आणि ती ‘बॉइज ब्रिगेड’ या संस्थेच्या स्थानिक तुकड्यांतून आली होती. भारतातही पंडित मदनमोहन मालवीय आणि सहकाऱ्यांची स्काउट संघटना ‘सेवा समिती’ या समाजसेवी संस्थेच्या नावानेच उभी राहिली.

मग गणेश मंडळच का?

कारण स्काउट पथकाला जे लागते, ते बऱ्याच मंडळांकडे आधीच आहे: बसायला खोली, वस्तीत ओळख, वर्गणीचा हिशेब ठेवणारा खजिनदार आणि रात्री दोन वाजताही धावून येणारे कार्यकर्ते. उत्सवाचे दहा-अकरा दिवस सोडले तर या ताकदीला नियमित काम नसते. वाचनालय किंवा गृहनिर्माण सोसायटीही हे करू शकते; पण वेगवेगळ्या घरांतल्या मुलांपर्यंत मंडळाइतकी पोहोच क्वचितच कुणाची असते.

मंडळाने नेमके काय द्यायचे?

पैसा हा नंतरचा प्रश्न. आधी हवीत माणसे. स्काउट विभागात साधारण १० ते १७ वयाची मुले असतात आणि सहा ते आठ जणांची एक पॅट्रोल होते. या मुलांसाठी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी हजर राहणारे आणि संघटनेचे प्रशिक्षण घेणारे किमान तीन प्रौढ हवेत, असे माझे मत आहे. एक आजारी पडला तरी दोघे उरतात. मुलींसाठी गाइडचे पथक काढायचे असेल, तर नेतृत्वाला महिला लागतील. त्यांना फक्त आरतीच्या ताटापुरते बोलावणाऱ्या मंडळांची खरी परीक्षा इथे आहे.

जागा, दोऱ्या, प्रथमोपचार पेटी, एक कपाट आणि किमान तीन वर्षांची लेखी हमी एवढे मंडळाने द्यावे. हमी लेखी हवी, कारण कार्यकारिणी बदलते.

धोका कुठे आहे?

तीन ठिकाणी. पहिला राजकारणाचा. स्काउट चळवळ अराजकीय आहे. नेत्याच्या स्वागताला मुलांना रांगेत उभे केले, की पथकाची विश्वासार्हता संपली. दुसरा भेदभावाचा. ही चळवळ जात, धर्म न पाहता सर्वांना खुली आहे. शेजारच्या गल्लीतल्या मुस्लीम किंवा ख्रिस्ती मुलाला आपण इथे पाहुणा आहोत असे वाटू लागले, तर मंडळाने पथक काढूच नये. पथकाचे वेळापत्रक मंडळाच्या धार्मिक कार्यक्रमांपासून वेगळेच ठेवावे.

तिसरा धोका सर्वांत गंभीर, मुलांच्या सुरक्षिततेचा. एकटा प्रौढ आणि एकटे मूल असा प्रसंग येऊ देऊ नये. शिबिराआधी पालकांची लेखी संमती घ्यावी. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न देणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. ‘मंडळाची बदनामी नको’ ही सबब तिथे चालत नाही.

विसर्जनाच्या गर्दीत मुलांच्या हाती दोर देण्याचा मोहही टाळावा. पाणीवाटप किंवा मोठ्यांच्या देखरेखीखाली प्रथमोपचार केंद्रावर मदत ठीक. गर्दी आवरणे हे मोठ्यांचे काम.

सुरुवात कुठून करावी?

गणवेश शिवायला टाकण्याआधी पालकांची बैठक घ्यावी. पथकाचे निर्णय मंडळाचा अध्यक्ष नव्हे, तर पालक, प्रशिक्षित नेते आणि मंडळाचा प्रतिनिधी यांची समिती घेईल, हे तिथेच ठरवावे. पथकाचा हिशेब वर्गणीपासून वेगळा ठेवावा.

पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाला की हा विषय मांडून पाहा. दर रविवारी सकाळी दोन तास देणारी तीन नावे पुढे आली, तर जिल्हा कार्यालयाचा रस्ता धरा. नावे आली नाहीत, तर थांबा. पथक सहा महिन्यांत बंद पडण्यापेक्षा वर्षभर उशिरा सुरू झालेले मुलांसाठी बरे.