हौसेचा माग

अहमदनगर जिल्ह्याचे ‘अहिल्यानगर’ हे नामांतर २०२४ साली झाले आणि पुढच्याच वर्षी, ३१ मे २०२५ रोजी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक जामखेड तालुक्यातील चौंडी या त्यांच्या जन्मगावी भरली. व्याख्याने झाली, मिरवणुका निघाल्या. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवींनी उभारलेल्या वा जीर्णोद्धारित केलेल्या मंदिरांचे, घाटांचे, बारवांचे यथोचित स्मरण झाले. त्यांच्या एका कार्याचे स्मरण मात्र त्या मानाने कमीच झाले. ते म्हणजे महेश्वरात त्यांनी बसवलेले माग.

नर्मदेकाठी राजधानी नेल्यावर अहिल्यादेवींनी ठिकठिकाणचे कुशल विणकर तेथे आणून वसवले, त्यांना आश्रय दिला. त्यातून माहेश्वरी साडी जन्मास आली. घाटाच्या दगडांवरील नक्षी आणि नर्मदेच्या लाटा त्या साडीच्या काठांत उतरल्या, असे परंपरा सांगते. राजवट गेली, संस्थान विलीन झाले, तरी ते काठ विणले जात राहिले. मधल्या काळात ही कला क्षीण झाली, तेव्हा होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ ही संस्था काढून महेश्वरच्या स्त्रियांना पुन्हा मागावर बसवले. चौंडीच्या पाटलांच्या लेकीने लावलेला माग अडीचशे वर्षे दुसऱ्या प्रांतात वाजतो आहे. तिच्या माहेरच्या जिल्ह्यात तो किती घरांत वाजतो, हा प्रश्न विचारण्याची वेळ नामांतरानंतर तरी आली आहे.

वास्तविक विणकाम हे या जिल्ह्याला परके नव्हे. नकाशा उघडून पाहावा. शेवगाव तालुक्याच्या सीमेपलीकडे, गोदेच्या काठी पैठण आहे. कोपरगावच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर येवला आहे. पैठणीची जुनी आणि नवी अशी दोन्ही घरे जिल्ह्याच्या दोन उंबऱ्यांवर आहेत. खुद्द नगर शहर, त्याला लागून असलेले भिंगार आणि प्रवरेकाठचे संगमनेर येथील लुगड्यांच्या विणकामाची नोंद १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. साळी, कोष्टी, पद्मशाली या समाजांनी हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. भगवान जिव्हेश्वर, चौंडेश्वरी देवी, मार्कंडेय आणि भावनाऋषी या त्यांच्या दैवतांच्या कथांत वस्त्र विणणे हे देवकार्यच मानले आहे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेही याच जिल्ह्यातले. तंतू आणि पट यांचा दृष्टान्त माउलींच्या वाणीत येतो, तो श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नसेल. माग त्यांच्या गल्लीतच होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात चर्चिल नावाच्या एका अमेरिकन मिशनरी अभियंत्याने वेगाने चालणारा हातमाग सिद्ध केला. ‘चर्चिल माग’ या नावाने तो ओळखला गेला. मिशनच्या हेतूंविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, पण छप्पनच्या दुष्काळातून उठलेल्या प्रदेशात एक परदेशी इंजिनिअर विणकराच्या हातातील धोट्याकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहतो आणि शिकलेला नगरकर मात्र त्याकडे पाहत नाही, ही गोष्ट बोचणारी आहे. ती तेव्हाही बोचायला हवी होती.

दुखण्याचे मूळ येथेच आहे. विणणे ही एका जातीची वृत्ती ठरली आणि उरलेल्या समाजाने त्या विद्येकडे पाठ फिरवली. सुशिक्षित घरांतील मुली भरतकाम शिकल्या, क्रोशाचे रुमाल आणि लोकरीचे स्वेटर विणू लागल्या, शिवणाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. मागावर बसून हातभर कापड विणून पाहावे, ही हौस मात्र कोणाला झाली नाही. गाणे गवयाच्या घराबाहेर पडले, मध्यमवर्गाने ते शिकले आणि त्यातूनच गवयाला जाणता श्रोता मिळाला. विणकराला असा श्रोता कधी लाभलाच नाही. त्याला फक्त गिऱ्हाईक मिळाले, आणि तेही घासाघीस करणारे.

याचा परिणाम लग्नसराईत कोणत्याही कापडबाजारात दिसतो. यंत्रमागावर निघालेली नक्षीची साडी ‘पैठणी’ म्हणून खपते आणि घेणारी बाई समाधानाने घरी जाते. खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी हाताने फिरवून नक्षी विणलेली असते. त्यामुळे पदराची उलटी बाजूही सुलट बाजूइतकीच नेटकी दिसते, मागे धाग्यांचे तरंगते जाळे नसते. पदर उलटून पाहणे एवढीच परीक्षा आहे. पण ती करावी हे सुचण्यासाठी धागा कसा जातो याची कल्पना तरी हवी. पैठणीला २०१० साली भौगोलिक उपदर्शनाचा कायदेशीर हक्क मिळाला. मात्र ज्या ग्राहकाला ताणा कोणता आणि बाणा कोणता हेच ठाऊक नाही, त्याच्यापुढे कायदा काय करणार?

म्हणून विणकाम हौसेने शिकले पाहिजे. पोटासाठी नव्हे, विकण्यासाठी नव्हे, तर हाताला ती विद्या कळावी यासाठी. हातमागाचे नाव काढले की खड्डा, पावड्या, मोठी चौकट डोळ्यांपुढे येते आणि दोन खोल्यांच्या घरात हे मांडायचे कोठे, असा रास्त प्रश्न येतो. त्याचे उत्तर अरुंद पट्टीच्या विणकामात आहे. हे विणकाम घरोघरी होते, फक्त त्याला कला म्हणण्याची कोणाला गरज वाटली नाही. लेकराच्या कमरेचा करदोटा, परकराची नाडी, पलंगाची नवार, पोळ्याला बैलांच्या कपाळावर शोभणारी म्होरकी आणि गोंडे, ज्वारीच्या राखणीला लागणारी गोफण ही सगळी पट्टीची आणि वेणीची कामे. गोफण तर नीट पाहण्यासारखी वस्तू आहे. दोन्हीकडे निमुळती वेणी आणि मध्ये दगड ठेवण्यापुरती रुंदावलेली विणलेली जागा. धाग्यांची संख्या न तोडता रुंदी वाढवायची आणि पुन्हा आवळत आणायची, हे कसब माचाणावर बसणाऱ्या निरक्षर माणसाच्या बोटांत होते. नायलॉनच्या दोऱ्या आल्या आणि एका पिढीत ते गेले. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले गोफ खेळतात, तेव्हा खांबाभोवती रंगीत दोऱ्यांची वेणी पडते आणि उलट्या पावलांनी ती उलगडते. ते नृत्य म्हणजे विणकामाचाच पाठ आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही इतकेच.

नवशिक्याने आरंभ करावा तो येथून. खर्च जवळजवळ नाही. खेळण्याचे जुने पत्ते चौकोनी कापून प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना चार भोके पाडावीत. असे बारा पत्ते आणि प्रत्येक भोकातून एक धागा, म्हणजे अठ्ठेचाळीस धाग्यांचा ताणा झाला. त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसरे कमरेच्या पट्ट्याला. मागे रेलले की ताणा ताठ होतो, पुढे झुकले की सैल पडतो. माणसाचे शरीर हाच माग. पत्ते एकदम पाव फेरा फिरवले की काही धागे वर येतात, काही खाली जातात. त्या फटीतून आडव्या धाग्याची कांडी सरकवायची, ठोकून बसवायची, पुन्हा पाव फेरा. एकाच दिशेने फिरवत राहिले की पत्त्यांपलीकडे ताण्याला पीळ साचतो. मग दिशा उलटी करावी लागते आणि नक्षीही उलटून आरशातल्यासारखी दिसू लागते. उत्तर युरोपात हजार वर्षांहून जुन्या थडग्यांत अशा पट्ट्या सापडल्या आहेत. दुसरी रीत त्याहून सोपी आहे. बांबूच्या चपट्या काड्यांना मध्यभागी भोक पाडून त्यांची फणी करायची; एक धागा भोकातून, पुढचा दोन काड्यांमधल्या फटीतून. फणी उचलली की एक वाट उघडते, दाबली की दुसरी. वही आणि फणी म्हणजे काय, हे ग्रंथ वाचून कळत नाही, येथे पाच मिनिटांत कळते.

पहिली वीतभर पट्टी हमखास बिघडते. कोठे फुगते, कोठे आवळते, कारण आडवा धागा प्रत्येक वेळी सारख्याच ओढीने ओढणे हाताला साधत नाही. बुद्धिमान माणसाला हे विशेष लागते. गणित समजलेले असते, नक्षी कागदावर बिनचूक मांडलेली असते, तरी कड वाकडी येते. ती सरळ येऊ लागते केवळ करत राहिल्याने. तीन बोटे रुंद पट्टीची कड सांभाळताना ज्याचा जीव मेटाकुटीला आला, तो पुढच्या वेळी नऊवारीचा सलग काठ हातात घेऊन पाहील तेव्हा किमतीचा आकडा त्याला वेगळा दिसेल. एक पैठणी विणायला नक्षीप्रमाणे महिन्यापासून वर्षभरापर्यंत वेळ का लागतो, हे त्याला विचारावे लागणार नाही.

यावर वयस्क वाचक हसतील. त्यांना शाळेतील टकळी आठवेल. १९३७ साली वर्ध्यास मांडल्या गेलेल्या नयी तालीमचा पुढे मूलोद्योगाच्या रूपाने मराठी शाळांत प्रवेश झाला. पेळू, टकळी, सुताच्या लडी यांचे तास सुरू झाले. पण बहुतेकांच्या स्मरणात त्यातील राहिले ते काय? तुटणारा धागा आणि तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशीची धावपळ. सूत कातले गेले, पण त्या सुताचे कापड होताना पुष्कळ मुलांनी पाहिलेच नाही. शिक्षकाला गोडी नव्हती, गुण मात्र होते. ज्या विद्येचा आनंद घेणारा एकही प्रौढ माणूस मुलाच्या आसपास नाही, ती त्याला तासिकेने मिळत नाही. यासाठी सक्तीची योजना नको, हौस हवी, आणि ती आधी मोठ्या माणसांना हवी. वाती वळणाऱ्या, देवासाठी कापसाची वस्त्रमाळ करणाऱ्या आजीबाईंच्या बोटांना धाग्याची सवय असतेच. निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीसमोर दिवस ढकलणाऱ्या आजोबांनीही कमरेला पट्टा बांधून बसायला हरकत नाही. जपानमध्ये मिसाओ जो नावाच्या बाईंनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी विणायला घेतले आणि त्यातून ‘साओरी’ ही हौशी विणकरांची चळवळ उभी राहिली. ती पुढे अपंगांच्या शाळांतही गेली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विणकर उपाशी असताना खात्यापित्या घरांनी मागाशी खेळावे, ही क्रूर थट्टा नव्हे काय? आकडे खरोखरच अस्वस्थ करणारे आहेत. १९९५-९६ च्या गणनेत देशातील हातमाग विणकर व त्यांचे साहाय्यक ६५ लाखांवर होते. २००९-१० मध्ये ते ४३ लाख उरले आणि २०१९-२० मध्ये ३५ लाख. त्यांच्या सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत असल्याचे याच शेवटच्या गणनेत आढळले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात झालेल्या स्वदेशीच्या उद्घोषाची आठवण म्हणून २०१५ पासून त्या दिवशी ‘राष्ट्रीय हातमाग दिन’ पाळला जातो. त्या दिवशी एक साडी विकत घेण्याने ही उतरण थांबलेली नाही. हौशी माणूस विणकराच्या ताटातील घास काढून घेईल ही भीती निराधार आहे, कारण वर्षाला चार पट्ट्या विणणाऱ्याकडून बाजाराला काय धोका? धोका आहे तो न विणणाऱ्यांच्या अज्ञानाचा. आसामकडे पाहावे. देशात सर्वाधिक विणकर कुटुंबे तेथे आहेत आणि त्यातील कितीतरी घरांत विणकाम हा धंदा नसून घराची रीत आहे. बिहूला माणसाला द्यायचा गामोसा घरची लेक विणते. तेथे विणता येणे हे हीनपणाचे लक्षण कधी झाले नाही, आणि चांगल्या कापडाची पारख असणारी माणसे तेथे खेड्याखेड्यांत आहेत.

मग शिकवायचे कोणी? येथे यूट्यूबवरील परदेशी धडे पाहून वर्ग काढण्याचा मोह पुष्कळांना होईल. पट्टीच्या तंत्रापुरते ते चालूनही जाईल. परंतु भिंगारमध्ये, नगर शहराच्या जुन्या पेठांमध्ये आणि संगमनेरात मागावर आयुष्य काढलेली, आता माग मोडीत गेल्यामुळे रिकामी बसलेली वृद्ध माणसे शोधल्यास सापडतील. वहीतून धागा कसा भरावा, तुटलेला धागा गाठ न दिसता कसा सांधावा, खळ किती घट्ट लावावी हे त्यांच्या हातात आहे. ते कोठेही लिहून ठेवलेले नाही, आणि त्यांच्या मुलांना ते नको आहे. हौशी वर्ग काढायचा तर गुरुजी म्हणून त्यांनाच बोलवावे, आणि मानधनही द्यावे. सतारीच्या शिकवणीला जे शुल्क पालक मुकाट्याने देतात, तेच द्यावे. शाल आणि नारळ देऊन ‘कारागिराचा सत्कार’ उरकण्याची जी पद्धत पडली आहे, तिने त्या घरातला दिवाही लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ बसून काम शिकावे, अशी कल्पना आहे. नेवाशाच्या किंवा शेवगावच्या शाळेला पैठण जवळ, कोपरगावच्या शाळेला येवला जवळ. मात्र दहा मुलांना माग ‘दाखवून’ छायाचित्रासह परत आणण्याऐवजी प्रत्येकाला आपल्या कमरेला ताणा बांधायला लावावा आणि दहाव्या दिवशी वीतभर पट्टी त्याच्या मनगटावर असावी. चौंडीच्या स्मारकात अहिल्यादेवींच्या चरित्राची दृश्ये आहेत. त्याच्या जवळपास दोन चालू माग आणि त्यांवर पगारी बसलेला एक जुना विणकर ठेवायला फार मोठा निधी लागणार नाही. सूत महेश्वराहून आणता येईल.