गाडी विजेची, हिशेब घरचा

शोरूममध्ये गाडीचं दार उघडलं की पहिली नजर जाते ती डॅशबोर्डवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर. मुलं तिथंच हरखतात. मग सेल्समन काचेचं छप्पर दाखवतो, सीटमधून येणारा थंड वारा दाखवतो, आणि सगळे नीट बसले की आकडा टाकतो - 'सर, एका चार्जिंगमध्ये चारशे एकोणनव्वद किलोमीटर!' सर मनातल्या मनात नागपूरला पोहोचतातसुद्धा. निम्मी गाडी तिथंच विकली जाते.

४८९चा हा आकडा खोटा नाही. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीला, ४५ युनिटांच्या बॅटरीसह, तो रीतसर चाचणीत मिळालेला आहे. (बॅटरीचं माप किलोवॉट-तासांत सांगतात. त्यानं बिचकायचं कारण नाही. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट.) पण चाचणी कशी होते, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे, १९६६ सालापासूनची. अशा संस्थांच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि चाकं जागच्या जागी फिरवतात. वेग ठरल्याप्रमाणे कमी-जास्त होतो, सरासरी ताशी तीस-बत्तीस किलोमीटरची. ताशी ९०च्या पुढे काटा एकदाही जात नाही. एसी बंद. डिकीत लग्नाच्या बॅगा नाहीत, मागे आजी नाहीत. अशा गाडीनं ४८९ किलोमीटर जावं यात नवल काय? नेहमीच्या वापराचा आकडा म्हणून कंपनी स्वतःच साडेतीनशेच्या आसपास सांगते, पण तो विचारावा लागतो.

आता हा आकडा अभनपूरला आणून बघू या. अभनपूर म्हणजे छत्तीसगडमध्ये रायपूरहून धमतरी-जगदलपूरकडे जाताना तीसेक किलोमीटरवर लागणारं गाव. राजिमकडे वळणारा रस्ता इथूनच फुटतो. भोसल्यांच्या राजवटीपासून या मुलखात मराठी माणसं आहेत. पुढं रेल्वे, बँका आणि भिलाईचा पोलाद कारखाना यांनी आणखी आणली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही मराठी पाट्या दिसतात. अशाच एका घराची कल्पना करा. नवरा नवा रायपूरमध्ये नोकरीला, बायको रायपूरच्या शाळेत शिक्षिका, दोन मुलं, आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजी. सूनबाईंचं माहेर नागपूरला. जुनी गाडी दहा वर्षांची झाली आहे. हाताशी अठरा लाख आहेत, त्यातले सात भविष्यनिर्वाह निधीतून काढायचे आणि बाकीचं कर्ज. म्हणजे चूक झाली तर ती पुढची सात वर्षं दर महिन्याला आठवण करून देणार.

या घराला विजेची गाडी घ्यावी का आणि घ्यावी तर कोणती?

सुरुवात शोरूमपासून करूच नये. ती घराच्या मीटरपासून करावी. कारण विजेची गाडी स्वस्त पडते ती घरी चार्ज केली तर. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर घरच्या विजेच्या दुप्पट-अडीचपट असू शकतो. कंपनी सोबत जो साधा चार्जर देते तो १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला जेमतेम तीन युनिटं भरतो. ४५ युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर त्याला पंधरा तास लागतात. पण रोज पूर्ण रिकामी करतो कोण? साठ किलोमीटर फिरून आलेल्या गाडीला नऊ-दहा युनिटं हवीत. रात्री दहाला लावली तर पहाटेपर्यंत काम झालं. त्यामुळे भिंतीवरचा मोठा, ७.२ किलोवॉटचा चार्जर सोय म्हणून ठीक, गरज म्हणून प्रत्येकाला नाही. तो घेतला तर घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि स्वतंत्र वायरही ओढावी लागते.

खरी अडचण वेगळीच निघते. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. फ्रीज, गिझर ते मुकाट्यानं चालवून घेतात, पण गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवून हटून बसतो. गाडी दारात आल्यावर इलेक्ट्रिशियन शोधत फिरण्यापेक्षा बुकिंगच्या आधीच त्याला बोलवावं. अर्थिंग तपासून घ्यावं आणि जिथं गाडी उभी राहणार तिथपर्यंत मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी टाकून घ्यावा. गाडी गल्लीत उभी राहत असेल आणि खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत ठेवायचा बेत असेल, तर या घरानं विजेची गाडी घेऊ नये. इतकं स्पष्ट सांगितलेलं बरं.

आता पैशांचं. सूनबाई रोज रायपूरला गाडीनं गेल्या तर जाऊन-येऊन साठ किलोमीटर, म्हणजे महिन्याला दीड हजारांच्या घरात. पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि गाडी लिटरला चौदा किलोमीटर धरली तर किलोमीटरला सात रुपये. विजेचं युनिट आठ रुपये धरलं आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज जमेस धरली, तरी किलोमीटरला दीड रुपया. महिन्याला आठ हजारांवर उरतात, वर्षाला लाखभर. विजेची गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग असेल तर तीन वर्षांत फिटली.

पण इथं अभनपूरची एक खास गंमत आहे. इथून पूर्वी छोट्या रुळांची गाडी धावायची. ती बंद होऊन मोठे रूळ पडले आणि ३० मार्च २०२५ला नवा रायपूर, मंदिर हसौदमार्गे रायपूरला जाणारी मेमू सुरू झाली. नवरा-बायको दोघांचीही वेळ त्या गाडीशी जुळली तर? मग घरच्या गाडीला बाजारहाट, दवाखाना आणि रविवारचं राजिम एवढंच काम उरतं. महिन्याला पाचशे किलोमीटर. बचत पावणेतीन हजारांवर येते आणि तेच तीन लाख फिटायला नऊ वर्षं लागतात! अशा घरानं पेट्रोलची गाडी घेतली तर तिला कुणी मागासलेलं म्हणू नये. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९पासून ५ टक्केच आहे, पण दोन्हींतलं अंतर कमी झालं हे खरं.

बिलाचीही एक गोम आहे. दीड हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला अडीचशेच्या वर युनिटं एकट्या गाडीची. छत्तीसगड सरकारच्या निम्म्या वीजबिलाच्या योजनेत युनिटांची मर्यादा असते, आणि २०२५ या एकाच वर्षात ती दोनदा बदलली. गाडीमुळे घराचं बिल मर्यादेबाहेर जात असेल तर पंख्या-फ्रीजची सवलतही जाते. म्हणून वीज कंपनीच्या कार्यालयात एक चक्कर मारून गाडीसाठी वेगळं मीटर मिळेल का आणि त्याचा दर काय, हे विचारून यावं. गच्ची स्वतःची असेल तर सौर पॅनेलचा विचार याच वेळी करावा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजार रुपये अनुदान आहे. तेवढी पॅनेलं दिवसाला दहा-बारा युनिटं देतात, म्हणजे गाडीचा रोजचा घास जवळजवळ निघतो. दिवसा गाडी शाळेच्या आवारात उभी असली तरी बिघडत नाही, कारण दिवसा तयार झालेली वीज मीटरवर जमा होते आणि रात्री वापरता येते.

अनुदानावरून आठवलं. राज्याचं विद्युत वाहन धोरण २०२२ साली आलं. त्यातली सवलत शोरूममध्ये किमतीतून वजा करून दाखवतात. ती वजा करू नये. खात्यात जमा होईल तेव्हा मोजावी. आणि कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळते असं कुणी सांगितलं, तर ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती, हे लक्षात ठेवावं.

आता नागपूर. अभनपूरहून नागपूर तीनशे किलोमीटरहून थोडं जास्त. दुर्ग, राजनांदगाव, मग हद्द ओलांडून देवरी, साकोली, भंडारा. महामार्गावर शंभरच्या वेगानं, एसी लावून, पाच माणसं आणि सामान घेऊन ४५ युनिटांची गाडी युनिटला साधारण सहा किलोमीटर देते. म्हणजे पावणेतीनशे. त्यातले तळाचे पंधरा टक्के वापरायचे नाहीत असं ठरवलं तर २३० उरले. वाटेत एक थांबा आलाच. मोठी, ७९ युनिटांची बॅटरी असलेली महिंद्राची बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई घेतली तर न थांबता नागपूर गाठता येईल. पण लहान आणि मोठ्या बॅटरीच्या किमतीत काही लाखांचा फरक असतो. १८.९० लाख ही बीई ६ची २०२४मध्ये जाहीर झालेली सुरुवातीची किंमत ५९ युनिटांच्या बॅटरीची, तीही शोरूमची. विमा-नोंदणी वेगळी.

दिवाळीला आणि उन्हाळ्यात, अशा वर्षातल्या दोन फेऱ्यांसाठी इतकं कर्ज डोक्यावर घ्यायचं का? या घरानं घेऊ नये. देवरी किंवा साकोलीला चाळीस मिनिटं थांबावं. आजींना तसंही पाय मोकळे करायचे असतात आणि मुलांना खायचं असतं. मात्र चार्जर किती किलोवॉटचा आहे हे बघावं. ६० किलोवॉटवर चाळीस मिनिटांत जे होतं त्याला ३० किलोवॉटवर त्याच्या दुप्पट वेळ लागतो. अ‍ॅपवर दिसणारा प्रत्येक चार्जर चालू असतोच असं नाही, म्हणून त्यावर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते आदल्या रात्री पाहावं. देवरी-साकोलीच्या मध्ये नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल लागतं. तिथं दहा टक्के बॅटरीवर शिरू नये. आणखी एक, विजेच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरचं किट असतं. टायरची बाजू फाटली तर किट कामाचं नाही. हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा.

हेच घर दर महिन्याला कुणाच्या उपचारासाठी नागपूरला जात असतं तर सल्ला उलटा झाला असता. तेव्हा मोठी बॅटरी हा शौक राहत नाही.

घरात आजी आहेत म्हणून एक नियम मात्र आजच करावा. रात्री झोपताना गाडीत चाळीस टक्क्यांहून कमी चार्ज ठेवायचा नाही. टाटीबंधचं एम्स अभनपूरहून पस्तीसेक किलोमीटर आहे. रात्री दोनला छातीत कळ आली तर 'गाडी चार्जिंगला आहे' हे वाक्य त्या घरात उच्चारलं जाता कामा नये. पावसाळ्यात वीज जाते, इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही. उलट काही गाड्यांच्या बॅटरीवर घरातले दिवे-पंखे चालवता येतात, हे नेक्सॉन आणि क्रेटा इलेक्ट्रिकचं वैशिष्ट्य अशा रात्री उपयोगी पडावं.

बॅटरीच्या आजन्म वॉरंटीची जाहिरात हल्ली जोरात आहे. ती बहुधा पहिल्या मालकापुरती असते. गाडी विकली की मुदत कमी होते, आणि जुन्या गाडीचा भाव त्यावरच ठरतो. बॅटरी भाड्यानं घेण्याची सोयही निघाली आहे. एमजीची विंडसर २०२४मध्ये आली तेव्हा बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये असा भाव होता. ऐकायला गोड, पण दीड हजार किलोमीटरला सव्वापाच हजार होतात. तो दुसरा हप्ताच झाला. कमी फिरणाऱ्यांनी त्याचा विचार जरूर करावा, करारात महिन्याचं किमान भाडं किती लिहिलंय ते वाचून.

राहिली टेस्ट ड्राइव्ह. शोरूमभोवतीच्या दोन किलोमीटरच्या फेरीत काही कळत नाही. अभनपूरहून राजिम सतरा-अठरा किलोमीटर. सगळ्या घराला बसवून, एसी लावून जाऊन यायचं, अशी गाडी मागावी. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवावेत. ४५ युनिटांच्या गाडीचे पस्तीस किलोमीटरला बारा टक्के उतरले तर युनिटला साडेसहा किलोमीटर पडले. सेल्समनच्या आकड्यापेक्षा हा आकडा आपला. बॅटरी पायाखाली असल्यामुळे अनेक गाड्यांत मागची जमीन उंच होते, गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. हे पाच मिनिटांत जाणवत नाही, अर्ध्या तासात जाणवतं. म्हणून आजींना मागे, खिडकीशी बसवावं, आणि महानदीच्या पुलाजवळ उतरताना विचारावं, "आई, उतरताना कुठं धरावं लागलं?"