घरचा आहेर वेळेवर हवा

फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना एक खासगी टिपण पाठवले. व्हिएतनाममधले युद्ध वाढवू नका, असा त्याचा आशय होता. कारणेही रोखठोक होती. लोकांना पटेल असे कारण देता येत नसेल, तर लोकशाहीत युद्ध फार काळ रेटता येत नाही. शिवाय चारच महिन्यांपूर्वीच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन्सन यांनी ६१ टक्के मते मिळवून रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना धूळ चारली होती. माघारीची राजकीय किंमत इतकी कमी पुन्हा कधी नसेल. जॉन्सन यांना हा शहाणपणा रुचला नाही. त्यांनी हम्फ्री यांना व्हिएतनामविषयक बैठकांतून दूर ठेवले. त्यानंतर हम्फ्री यांनी जे केले ते मला अधिक गंभीर वाटते. मर्जी परत मिळवण्यासाठी ते त्याच युद्धाचे जाहीर समर्थन करत देशभर फिरले.

युद्ध वाढवणाऱ्या नेत्याला वेळीच रोखू शकतात ते त्याचे स्वपक्षीयच, आणि तेही फक्त उघडपणे बोलले तर. विरोधकांची टीका राजकारण म्हणून झटकता येते. ज्यांचे भवितव्य नेत्याशी बांधलेले आहे, त्यांचा आक्षेप तसा झटकता येत नाही. पण बंद दाराआडचा आक्षेप नेत्याला काहीच महाग पडत नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मुभा जॉन्सन यांना देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोध करणारे दोघेही, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग, जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. बाकीचे गप्प राहिले. सिनेटमधले पक्षाचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी जुलै १९६५ च्या बैठकीत जॉन्सन यांना समोरासमोर विरोध केला, पण पाठिंबा काढून घेतला नाही. लगेच २८ जुलैला सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा झाली.

राष्ट्रप्रमुखाकडे गुप्त माहिती असते, ती नसलेल्या खासदारांनी त्याचे पाय ओढू नयेत, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. टोंकिनच्या ठरावामागची माहिती तरी काय होती? अमेरिकी जहाजांवरच्या ४ ऑगस्टच्या ज्या दुसऱ्या हल्ल्याचा एवढा गाजावाजा झाला, तो झालाच नव्हता. तो ठराव सिनेटमध्ये पुढे रेटणारे डेमोक्रॅटिक सिनेटर विल्यम फुलब्राइट यांना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, आणि १९६६ मध्ये त्यांनी आपल्याच सरकारच्या युद्धनीतीची दूरचित्रवाणीवर जाहीर सुनावणी घेतली. तोवर लाखो सैनिक उतरले होते. जाहीर मतभेदाने सैनिकांचे मनोधैर्य खचते आणि शत्रूला बळ मिळते, हा आक्षेप खोटा नाही. पण उद्दिष्टच स्पष्ट नसलेल्या लढाईत आणखी मुलांना पाठवणे हा त्यांच्यावरचा त्याहून मोठा अन्याय आहे.

पक्ष फुटतो आणि सत्ता जाते, ही भीती सर्वांत खोल असते. १९६८ चा दाखला त्यासाठीच दिला जातो. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत जॉन्सन यांना पक्षातूनच आव्हान देणारे युद्धविरोधी युजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली, चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले, आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी उमेदवारी नाकारली. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन जिंकले. बंडाने पक्ष बुडवला असे यावरून म्हणता येईल का? सप्टेंबरच्या अखेरीस गॅलपच्या चाचणीत निक्सन यांना ४३ आणि डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्री यांना २८ टक्के कौल होता. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतल्या भाषणात हम्फ्री जॉन्सन यांच्या धोरणापासून प्रथमच थोडे बाजूला सरले आणि उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्यानंतर हे अंतर भराभर मिटत गेले; शेवटी ते हरले एक टक्क्याहून कमी मतांनी. बॉम्बफेक खुद्द जॉन्सन यांनीही मतदानाच्या तोंडावर थांबवली होती, हे खरे. तरी माझे मत असे की पक्षाला बंडाने नव्हे, बंडाला झालेल्या तीन वर्षांच्या उशिराने बुडवले.

हम्फ्री यांनी ते टिपण लिहिले, तेव्हा व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे २३ हजार सैनिक होते आणि त्यांच्या मृतांची संख्या काही शेकड्यांत होती. युद्ध थांबेपर्यंत ५८ हजारांहून अधिक अमेरिकी आणि लाखो व्हिएतनामी प्राणास मुकले. टिपणाचा मजकूर लोकांसमोर आला तो हम्फ्री यांच्या १९७६ च्या आत्मचरित्रातून. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्याला तेव्हा एक वर्ष झाले होते.