परिचारिकेला आरोपी करण्यापूर्वी

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात शिशु काळजी कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि तेथील १७ अर्भकांपैकी १० दगावली. चौकशी समिती नेमली गेली, मंत्र्यांचे दौरे झाले, मदतीचे आकडे जाहीर झाले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. कंत्राटी परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. आणि पुढच्याच महिन्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्या वेळी त्या कक्षात होत्या की नव्हत्या, याचा निवाडा न्यायालयाने करावा. परंतु न्यायाच्या या वाटपाकडे डोळेझाक करता येणार नाही. वरच्याला निलंबन, जे उद्या मागे घेता येते. खालच्या कंत्राटी बाईला नोकरीतून मुक्ती आणि वर फौजदारी. विजेची यंत्रणा, आग विझवण्याची साधने, इमारतीची देखभाल, पाळीला किती माणसे असावीत याचा निर्णय, यांतील एकही गोष्ट परिचारिकेच्या हातात नसते. तिच्या हातात असते ती फक्त जबाबदारी.

ही जबाबदारी कोणत्या स्वरूपाची असते? दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, किलोभर वजनाचे मूल श्वास घेण्याचेच विसरते. वीस सेकंद छाती हलत नाही आणि अंग निळे पडू लागते. त्या क्षणी तळवा चोळून त्याला श्वासाची आठवण करून देणारा हात परिचारिकेचा असतो. प्राणवायू कमी पडला तर मेंदूला इजा. अधिक झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडून जन्माचे आंधळेपण. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात राखायचे, तेही रात्रभर. औषधाची मात्रा वजनावरून काढायची. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट. एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुण्यास वेळ मिळाला नाही, तर संसर्ग कक्षभर पसरतो. हे काम डोळ्यांचे, बोटांचे आणि अखंड सावधपणाचे आहे. त्याला ‘सेवाभाव’ एवढे एकच नाव देणे म्हणजे कौशल्याचा मोबदला बुडवण्याची सभ्य युक्ती होय.

आता या कक्षात पहिल्यांदा पाऊल टाकणारी मुलगी पाहा. तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेऊन ती बाहेर पडते. अभ्यासक्रमात नवजात कक्षाची ओळख होते ती थोड्या दिवसांची आणि तीही विद्यार्थिनी म्हणून. केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत दर पाळीला तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका सांगितली आहे. प्रशिक्षणही सांगितले आहे: चार दिवसांचे वर्ग आणि मोठ्या केंद्रात दोन आठवड्यांचे निरीक्षण. कागद निर्दोष आहे. पण खाटा बारा आणि मुले वीस झाली की हे प्रमाण कोणी मोजायचे? एकीची रजा आणि दुसरीची बदली असेल, तर नव्या मुलीला प्रशिक्षणाला कोण सोडणार? मग ती शिकते रात्रपाळीत, एकटीने, चुकत चुकत. तिच्या चुकीची किंमत ज्याने मोजायची, त्याला अजून नावही ठेवलेले नसते.

यावर एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो आणि तो वरवर शहाणपणाचा वाटतो. नव्या पदवीधर मुलींना या कक्षात नेमूच नये. आधी दोन वर्षे सर्वसाधारण वॉर्डात घालवावीत, असे म्हणतात. मोठ्यांच्या वॉर्डातील अनुभवाने हात स्थिरावतो, हे खरे. पण सत्तर किलोच्या माणसाला सलाईन लावण्याच्या सवयीतून किलोभराच्या मुलाची शीर सापडत नाही. ती विद्या त्या कक्षातच, जाणत्या परिसेविकेच्या शेजारी उभे राहूनच मिळते. तेव्हा प्रश्न नवी मुलगी नेमावी की नाही हा नाही. तिच्या शेजारी कोण उभे आहे, हा आहे. आणि शेजारी कोणी नाही, कारण शेजारच्या माणसाचा पगार वाचवलेला आहे.

हा पगार वाचतो कसा, हेही उघड गुपित आहे. या कक्षांतील बहुसंख्य परिचारिका राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा महिन्यांच्या करारावर असतात. काम बारमाही, आजार बारमाही, अर्भके बारमाही; फक्त परिचारिका तेवढी अकरामाही! वर्षानुवर्षे नूतनीकरणाच्या कागदासाठी हात जोडणारी स्त्री ‘आज माणसे अपुरी आहेत, आणखी मूल घेता येणार नाही’ असे वरिष्ठाला सांगू शकेल काय? नोकरीची शाश्वती हा केवळ पोटाचा प्रश्न नाही. रुग्णाच्या बाजूने तोंड उघडण्याची ती पूर्वअट आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याचा ओरडा झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि जनक्षोभ पाहून ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. वेठबिगारीला विरोध करणाऱ्या बायका दूरदृष्टीच्या होत्या, हे मात्र कोणी कबूल केले नाही.

खाजगी क्षेत्राची कथा निराळी नाही. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार समिती बसली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते शासकीय वेतनाइतके असावे, अशी शिफारस तिने केली. शिफारशीला कायद्याचे दात नव्हते. नवजात कक्षाचे एका दिवसाचे बिल आणि तिथल्या नव्या परिचारिकेचे महिन्याचे वेतन शेजारी शेजारी ठेवले, तर नफ्याचे अर्थशास्त्र कोणत्याही कार्यकर्त्याला पुस्तकाविना समजेल.

राज्यकर्ते २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीचा आकडा अभिमानाने सांगतात: देशात हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात दगावतात, तर महाराष्ट्रात ११. हे यश खरे आहे. ते भाषणांनी आलेले नाही, याच मुलींच्या जागरणांनी आलेले आहे. परंतु भंडाऱ्यानंतर नांदेड घडले. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस तेथील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ नवजात होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात कक्ष पेटला आणि त्या रात्री १० अर्भके गेली. या कक्षांत श्रीमंतांची मुले नसतात. शेतमजुराचे, वीटभट्टीवरच्या बाईचे, झोपडपट्टीतील घरकामगारणीचे मूल तेथे काचेच्या पेटीत असते. परिचारिकेचे शोषण आणि गरिबाच्या मुलाचा मृत्यू हे दोन प्रश्न नव्हेत. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत.

आणि म्हणूनच डाव्या चळवळीलाही जाब विचारला पाहिजे. गिरणी कामगाराचा लढा तो वर्गलढा आणि परिचारिकेचा लढा तो ‘महिलांचा प्रश्न’, ही विभागणी कोणत्या समाजवादात बसते? जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी निवेदनांच्या पलीकडे जाऊन स्थानिक नवजात कक्षाच्या प्रत्येक पाळीतील मुले आणि परिचारिका यांचे प्रमाण मागावे, ते कक्षाच्या दारावर रोज लिहिण्याचा आग्रह धरावा. नव्या परिचारिकेला प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत एकटीने रात्रपाळी देऊ नये. तिला शिकवणाऱ्या अनुभवी परिचारिकेला त्या कामाचा वेगळा वेळ मिळावा. बारमाही कामाला कायम पद मिळावे. आणि तयार झालेल्या हातांची विनाकारण बदली होऊ नये. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. शासनाने स्वतःच छापलेल्या कागदाच्या त्या फारशा पुढेही जात नाहीत. एवढे साधेपणही ज्या व्यवस्थेला परवडत नाही, त्या व्यवस्थेने उद्याच्या दुर्घटनेनंतर पुन्हा एखाद्या परिचारिकेकडे बोट दाखवले, तर ते बोट वळवून मंत्रालयाकडे करण्याइतके बळ संघटनेने आजच उभे केले पाहिजे.