अजून पथ्य?



२०२४ सालच्या आमच्या सणाचा दिवस. मिस्सा आटोपली, मिरवणूक आटोपली, आणि शाळेच्या ओसरीवर पंगत बसली. वाढणाऱ्यांत आम्हीही होतो. धर्मगुरूने वर्षातून एकदा तरी हाती वाढणी धरावी, असे आमचे मत आहे. कलघटगीकडील एका शाळेतील बाई पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांच्या पानावर अर्धी होळिगी तशीच राहिलेली पाहून आम्ही दुसरी, तीही तुपात भिजलेली, त्यांच्या पानावर टाकली. बाईंनी हात आडवा केला. त्यावर आम्ही सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “बाई, ऑपरेशनला बारा वर्षे झाली की! अजून पथ्य?”

पंगत हसली. बाई खाली मान घालून जेवल्या. वीस मिनिटांच्या आत त्यांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली, पोटात मुरडा आला, आणि त्यांना तिसरीच्या वर्गातील बाकावर निजवावे लागले. ती होळिगी आम्ही वाढली होती. सण उरकल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली, आणि जे बारा वर्षांपूर्वी विचारावयास हवे होते ते त्या दिवशी विचारले. पुढील मजकूर बाईंच्या अनुमतीने लिहीत आहो. नाव मात्र घालू नये, असे त्यांनी बजावले आहे.

२०१२ साली बाईंचे वजन १२१ किलो होते. मधुमेह जडला होता, गुडघे बोलत होते, रात्री झोपेत श्वास अडकत असे. एका मोठ्या शहरातील दवाखान्यात त्यांच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. वर्ष-दीड वर्षात वजन ७० वर आले आणि मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. गावाने कौतुक केले. काहींनी मात्र “बाईंना काही मोठा आजार तर नाही ना?” अशी कुजबुज केली. आज त्यांचे वजन ८३ किलो आहे, आणि तेच गाव आता म्हणते, “एवढा पैसा घातला, पुन्हा आहे तिथेच!”

आहे तिथेच? हिशेब करून पाहा. १२१ वरून ८३, म्हणजे मूळ वजनातून जवळजवळ एकतृतीयांश उतरलेले, आणि तेही बारा वर्षे. स्वीडन देशात १९८७ पासून अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची, तशाच स्थूल पण शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच लोकांशी तुलना करीत, वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. बाईंसारखे बायपास झालेल्यांचे वजन पंधरा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सरासरी २७ टक्के कमी होते. आरंभी त्याहून अधिक उतरते, मग थोडे परत चढते आणि स्थिरावते. ही या शस्त्रक्रियेची नेहमीची चाल आहे. त्याच अभ्यासाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, शस्त्रक्रिया झालेल्यांना न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभले. तथापि सर्वसाधारण जनतेपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. लाभ खरा आहे. त्याने जुना रोग पुसून टाकला मात्र नाही.

ही शस्त्रक्रिया आली कोठून, हेही थोडे सांगावयास हवे. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाट काढून देण्याची रीत मांडली. वजने झपाट्याने उतरली, परंतु पुढे कित्येकांची यकृते व मूत्रपिंडे बिघडली, आणि अखेर ती रीत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचाच बायपास केला. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकला आहे अशी माणसे पुन्हा अंग धरीत नाहीत, हे त्यांच्या नजरेस आले होते. आमच्या वाचकांपैकी जे वृद्ध आहेत त्यांना अल्सरचे ऑपरेशन झालेला एखादा काका आठवत असेल, जो चार घास खाऊन हात धुवी आणि गोड खाल्ले की आडवा होई. बाईंचे दुखणे त्या काकांच्याच घराण्यातले.

आता होळिगीने काय केले ते पाहू. बायपासमध्ये वरच्या बाजूस सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, जठराची पिशवी वेगळी काढून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्याची अरुंद नळी होते. आपल्या धडक्या जठरात गूळ-तूप घुसळले जाऊन थोडेथोडे पुढे सरकते. बाईंच्या पोटात असा दरवान नाही. साखर एकदम आतड्यात उतरते, ती रक्तातील पाणी आपल्याकडे ओढते, आणि मग घाम, धडधड, मुरडा. कित्येकांना यानंतर एक ते तीन तासांनी दुसरा फटका बसतो: साखरेच्या लोंढ्याला उत्तर म्हणून शरीर इन्सुलिन अधिक सोडते, रक्तातील साखर फार खाली जाते, हातपाय कापतात, भोवळ येते. हे शस्त्रक्रियेनंतर वर्षांनीही होऊ शकते. “एक घास घ्या, काही होत नाही” असे म्हणणाऱ्या यजमानाने (त्यांत आम्ही पहिले) हे ध्यानी धरावे.

परंतु होळिगीचे दुखणे तासाभरात उतरते. बाईंचे खरे नुकसान गुपचूप झाले होते. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या लिहून दिल्या होत्या. पहिले वर्ष दवाखान्यातून बोलावणे येई. पुढे तो शल्यवैद्य दुसरीकडे गेला, फोन लागेनासा झाला, आणि प्रकृती तर उत्तम होती. चौथ्या वर्षी बाईंनी गोळ्या सोडल्या. “निरोगी माणसाने रोज मूठभर गोळ्या कशाला खाव्या, फादर? त्या पैशांत मुलीची फी भागत होती.” आम्ही काय उत्तर देणार?

वाचकहो, बी १२ हे जीवनसत्त्व अंगात जिरण्यासाठी जठरातून पाझरणारे आम्ल व एक विशिष्ट द्रव्य लागते. जठराला वळसा घातला किंवा ते कापले की तो पुरवठा आटतो. परंतु यकृतात त्याचा साठा असतो, आणि तो कित्येक वर्षे पुरतो. म्हणून गोळ्या सोडणाऱ्यास दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही. आपण उगीच घाबरत होतो, असे त्याला वाटते. बाईंच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. फळ्यावर लिहिताना खडू हातून निसटू लागला. हजेरी घेताना मुलांची नावे आठवेनात. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले मधुमेह परतला. औषधांच्या दुकानातून त्यांनी रक्तवाढीची गोळी आणून घेतली. तीत फोलिक ॲसिड होते. बी १२ वाचून नुसते फोलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारते, पण नसांचा ऱ्हास आतून चालूच राहतो आणि रोग लपतो. अखेर हुबळीच्या एका डॉक्टरांनी, पोटावरील जुने बारीक व्रण पाहून, नेमका प्रश्न विचारला आणि रक्त तपासले. इंजेक्शने सुरू झाली. खडू आता निसटत नाही. डाव्या पायाची बोटे मात्र बधिर आहेत, आणि ती तशीच राहतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

बी १२ प्रमाणेच लोह, चुना म्हणजे कॅल्शियम, आणि ड जीवनसत्त्व यांचेही. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभी जिरते, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळलेला असतो. हाडे हळूहळू विरळ होतात. बाई आता लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवतात, कारण एक दुसरीस अडविते. आणि लोहाच्या गोळीवर चहा घेत नाहीत. दरवर्षी एकदा रक्त तपासून घेतात. हे आमरण चालावयाचे आहे.

आणखी दोन गोष्टी, ज्या प्रत्येक घराने लिहून ठेवाव्या. बायपास झालेल्या माणसाने अंगदुखीसाठी ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या घेऊ नयेत. जोडणीच्या जागी व्रण होऊन रक्त वाहू शकते. आपल्याकडे कंपाउंडर पुडीत काय बांधून देईल याचा नेम नसतो, म्हणून प्रथम शस्त्रक्रियेची गोष्ट सांगावी, मग दुखणे सांगावे. दुसरे, अनेक वर्षांनंतरही पोटात अकस्मात तीव्र कळ उठली व थांबेना, तर तो वायू समजून ओवा चघळीत बसू नये. आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते. तडक मोठ्या इस्पितळात जावे, आणि बायपास झाला आहे हे दारातच सांगावे. बाईंनी एका पोस्टकार्डावर हे सर्व कन्नड व मराठीत लिहून पर्समध्ये ठेविले आहे. ही युक्ती आम्हास फार आवडली.

मद्याविषयीही बोलावे लागेल, कारण आमच्या लग्नांत ते असते. बायपास झालेल्या शरीरात मद्य फार वेगाने रक्तात चढते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत कित्येकांना, पूर्वी व्यसन नसताही, ते जडल्याचे आढळले आहे. जेवणाचा आधार गेला की मन दुसरा शोधते, असेही असेल. काही अभ्यासांत अशा रुग्णांत स्वतःच्या जिवाला अपाय करण्याचे प्रकार अधिक दिसले आहेत. वजन उतरले म्हणजे माणूस सुखी झाला, हे गृहीत धरू नये, विचारावे.

वृत्तपत्रांनी या शस्त्रक्रियेचे पहिले पानच आपल्याला दाखविले. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी इस्पितळात आणले तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे छापून येई. रोज छायाचित्रे, रोज आकडे. त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबी येथे त्या वारल्या. त्यांचे दुखणे अनेक व्याधींनी गुंतलेले होते, त्यावरून इतरांचा अंदाज बांधू नये. दुसरे उदाहरण अधिक उपयोगी. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली आणि ती लपविली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथे भर सभेत त्यांनी सांगितले की आपले वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ९३ आहे. दहा वर्षांहून अधिक काळानंतरचा आकडा माणूस स्वतः उभा राहून सांगतो, हे आम्हास मोलाचे वाटते. आमच्या गावांत मात्र ही गोष्ट अजून झाकून ठेवतात, जणू ती चोरी आहे. २०२५ पासून वजन घटविण्याची मौंजारो व वेगोव्ही ही इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. ती थांबविली की बहुतेकांचे वजन परतते, म्हणजे दीर्घ वाटचाल तेथेही चुकत नाही.

झाकण्याचे कारण आम्ही जाणतो, आणि त्यात आमच्या व्यासपीठाचाही वाटा आहे. सात मूळ पापांत खादाडपणा मोजतात. परंतु तो कंबरेच्या घेरावरून ओळखावा असे कोठे सांगितले आहे? संत थॉमस अक्वायनस अंगाने चांगलेच भारी होते, असे परंपरा सांगते. हाडकुळे खादाड आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. एक तर सेमिनरीत आमच्या शेजारीच जेवावयास बसे.

बाईंनी सर्वांत शेवटी जे सांगितले ते ऐकून आम्हास रात्री झोप आली नाही. गेली सहा-सात वर्षे त्या परमप्रसाद घेण्यास पुढे येत नसत. आम्ही मनात म्हणत होतो, बाई थंडावल्या. वस्तुतः सकाळी उठल्यावर थोडे खाल्ले नाही तर त्यांना भोवळ येते. म्हणून मिस्सेला निघण्यापूर्वी त्या एक उकडलेले अंडे आणि गोळ्या घेत, आणि एक तासाचा उपवास मोडला म्हणून बाकावरच बसून राहत. विचारावयाची लाज वाटे. विचारले तर ऑपरेशनची गोष्ट पुन्हा निघणार! पाण्याने व औषधाने तो उपवास मोडत नाही. आणि वृद्ध व आजारी यांनी त्या तासाच्या आत काही खाल्ले असले, तरी त्यांना परमप्रसाद घेता येतो. राखेच्या बुधवारचा व उत्तम शुक्रवारचा उपवासही आजाऱ्यांवर बंधनकारक नाही. हे आम्ही व्यासपीठावरून कितीदा सांगितले होते? आठवत नाही, म्हणजे सांगितले नव्हते. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी हे वाचून दाखवावे, आणि शंका उरली तर आमच्याकडे यावे. दार दिवसभर उघडे असते.

बाईंच्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. सुनेचे पान अर्धे राहिले की त्यांना आपल्या हाताचा अपमान वाटे. बारा वर्षे या गोष्टीवरून घरात धुसफूस होती. आम्ही त्यांना ते दोन मोठे चमचे पाणी एका वाटीत ओतून दाखविले आणि म्हणालो, “आजी, सूनबाईंचे पोट एवढे.” त्यांनी वाटी हातात घेऊन उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली, आणि विचारले, “मग आधी काय वाढू, फादर?” आधी डाळ, अंडे, मासळी किंवा दही, मग जागा उरली तर भाकरी, पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. आजींनी मान डोलावली.

या वर्षीच्या सणाला आजींनी घरूनच एक छोटी ताटली आणली होती. वाढप्या पोरगा होळिगीची परात घेऊन आला तेव्हा त्यांनी ती ताटली पदराखाली ओढली आणि त्याला कन्नडमध्ये अशी काही दटावणी दिली की तो पुढच्या पानाकडे पळाला. आम्ही त्या वेळी आमटी वाढत होतो.