अळंबी कुणाची, जोखीम कुणाची?

हवामान बदलाच्या संकटावर ग्रामीण गरिबाने आपल्याच झोपडीत उपाय शोधावा, हा उपदेश अलीकडे फार स्वस्त झाला आहे. वसई-विरारच्या पूर्वेकडील पाड्यांना आणि एकूणच पालघर जिल्ह्यातील अल्पभूधारकांना अळंबी-लागवडीचे धडे दिले जातात, तेव्हा तोच ऐकू येतो. दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण, बियाण्याची पिशवी, प्रमाणपत्र आणि एक छायाचित्र एवढ्या भांडवलावर 'हवामानाला तोंड देणारी उपजीविका' उभी राहिल्याचे जाहीर होते. अळंबीला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. विरोध आहे तो या स्वस्त समाधानाला.

धिंगरी अळंबीचे गुण निर्विवाद आहेत. तिला शेतजमीन लागत नाही. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, बियाण्यासह पिशवीत थरावर थर भरला की तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी येते. एक किलो सुक्या पेंढ्यामागे साधारण अर्धा किलो ताजी अळंबी मिळते. बटण अळंबीसारखी थंड खोली तिला लागत नाही. २० ते ३० अंश तापमान आणि दमट हवा पुरते. भातकापणी संपताच उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला गावातच रोख पैसा मिळणार असेल, तर ती क्षुल्लक गोष्ट नव्हे.

परंतु हा हिशेब पेंढ्यापाशीच अडतो. भूमिहीनाकडे पेंढा नसतो; तो जमीनमालकाकडून घ्यावा लागतो आणि तबेल्यांनाही तोच हवा असतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसात कापलेले भात शेतातच भिजून कुजले, त्याबरोबर पेंढाही गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने वसईच्या केळीच्या बागा आडव्या केल्या; असे वादळ कुडाच्या खोपटाला सोडून जात नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर धिंगरीही हात आखडता घेते. मग या पिकाला हवामानाची झळ लागत नाही, हे कोणत्या आधारावर सांगितले जाते?

बियाण्याचा आणि बाजाराचा प्रश्न याहून बिकट आहे. शुद्ध बियाणे प्रयोगशाळेत तयार होते. घरच्या घरी ते करणे कठीण, म्हणून प्रत्येक हंगामात ते विकत घ्यावे लागते. ताजा माल जेमतेम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून खरेदीदार म्हणेल तो भाव. बियाण्याची किंमत एकाने ठरवायची, मालाची दुसऱ्याने. पिशवीला हिरवी बुरशी लागली तर नुकसान मात्र त्या आदिवासी स्त्रीचे! ज्या मुलखात १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा उभारला, तेथे ही जुनीच विभागणी नव्या नावाने येत आहे.

याला उत्तर वसईच्याच इतिहासात आहे. १९१८ साली येथे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली ती लहान माणसांच्या ठेवींवर. त्याच मार्गाने स्त्रियांच्या सहकारी संस्था निघाल्या पाहिजेत. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचे ज्ञान जिल्ह्यात उपलब्ध आहेच. त्याच्या जोडीला तालुक्या-तालुक्यात सार्वजनिक बीजप्रयोगशाळा, सुकवणी व शीतगृहाची सोय, आश्रमशाळांच्या भोजनासाठी हमीभावाने खरेदी आणि नुकसानीला विमा हवा. काम हा हक्क आहे हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केले. २००६ च्या कायद्याने वनजमिनीवरील हक्कही मान्य झाला. हे दोन्ही हक्क बाजूला सारून हाती अळंबीची पिशवी ठेवणे म्हणजे हक्काच्या जागी दान देणे होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांवर बहिष्कार घालू नये. तेथे जाऊन तीन प्रश्न विचारावेत. पेंढा कोण देणार? माल कोण, कोणत्या भावाने घेणार? पीक बुडाले तर भरपाई कोण करणार? यांची लेखी उत्तरे ग्रामसभेपुढे आल्याशिवाय कोणत्याही योजनेला यशस्वी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.