किडीसाठी तक्ता, माणसासाठी ॲट्रोपिन

२०१७चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. बोंडअळी बीटी वाणाला जुमानेनाशी झाली होती, त्यात पांढरी माशी आणि तुडतुडे. कृषी केंद्रातून मिळेल ते ‘औषध’ आणायचे आणि पंप पाठीवर घ्यायचा, असे आठवडेच्या आठवडे चालले होते. पीक छातीच्या वर गेले की फवारा खाली पडत नाही. तो तोंडावर, मानेवर, छातीवर येतो. शेतमजूर आणि शेतकरी उलट्या, धाप, अंधुक नजर, बेशुद्धी अशा अवस्थेत यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. बाधितांचा आकडा शेकड्यांत गेला. मग सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली.

ती पाच नावे आज पुन्हा वाचण्यासारखी आहेत. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस. ही सगळी मज्जासंस्थेवर घाव घालणारी विषे. पाचवे नाव डायफेन्थ्युरॉन. त्याचे काम वेगळ्याच ठिकाणी चालते. ते मज्जातंतूंच्या वाटेला न जाता पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर हल्ला करते. यादीत ते इतर चौघांच्या रांगेत बसवले गेले आणि हा फरक चर्चेत कुठे आलाच नाही. महाराष्ट्रातल्या विषबाधेच्या सगळ्या व्यवस्थेत हीच गफलत आहे. शेतातले विष बदलले, दवाखान्यातली समज मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या विषावर थांबली.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे ‘पेशीचे पॉवरहाऊस’, एवढे शाळेत सगळेच पाठ करतात. ते पॉवरहाऊस चालते कसे, हे कळले तर विषाचा खेळही कळतो. कोयनेचे धरण डोळ्यांसमोर आणावे. खाल्लेल्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून ऑक्सिजनपर्यंत जातात आणि जाता जाता प्रोटॉन आतल्या पडद्यापलीकडे उपसून ठेवतात. हा झाला धरणातला साठा. ते प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज नावाच्या अतिसूक्ष्म टर्बाइनमधून येतात, टर्बाइन फिरते आणि एटीपी तयार होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. १९७८मध्ये त्याच कल्पनेला नोबेल मिळाले. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा जेमतेम शंभरेक ग्रॅम असतो, पण दिवसभरात माणूस जवळपास स्वतःच्या वजनाइतके एटीपी बनवतो आणि खर्च करतो. साठवण जवळजवळ नाहीच. त्यामुळे हे यंत्र काही मिनिटे जरी थांबले तरी सर्वात आधी मेंदू आणि हृदय कोलमडतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, ऊर्जेच्या खर्चात वीस टक्के.

हे धरण बिघडवायचे तीन मार्ग आहेत आणि विषारी रसायनांना तिन्ही ठाऊक आहेत. उपसा बंद पाडायचा, भिंतीला भोक पाडायचे किंवा टर्बाइन जाम करायचे.

डायफेन्थ्युरॉन टर्बाइन जाम करते. गंमत अशी की डब्यातली पावडर स्वतः फारशी काही करत नाही. ऊन लागले की, किंवा किडीच्या शरीरात गेली की, तिचे कार्बोडायमाइड नावाच्या रसायनात रूपांतर होते आणि ते एटीपी सिंथेजला चिकटते. पांढरी माशी मरते ती ऊर्जेच्या दुष्काळाने. माणसाच्या पेशीतले एटीपी सिंथेज या माशीच्या सिंथेजचे अगदी जवळचे नातेवाईक आहे. उत्क्रांतीने या यंत्रात फारसा फेरफार केलेला नाही. माणसाला वाचवतो तो मुख्यतः डोस आणि यकृत. आणि डोसाची हमी शेतात कोण देणार? मापाऐवजी झाकण, हातमोज्यांऐवजी उघडे हात, ड्रममध्ये काठीने ढवळलेले दोन-तीन औषधांचे मिश्रण, पाठीवर गळणारा पंप, ओला सदरा दुपारपर्यंत तसाच अंगावर आणि मधल्या सुट्टीत त्याच बोटांनी तोंडात टाकलेला खर्रा. लेबलवर छापलेले सुरक्षिततेचे नियम वाचणाऱ्याने ऑक्टोबरच्या उन्हात रबरी हातमोजे आणि मास्क घालून एक एकर फवारून पाहावे.

अशी मिश्रणे वापरली गेली असताना कोणत्या मृत्यूला कोणते रसायन कारण, हे ठरवणे अवघड असते. डायफेन्थ्युरॉन विकणाऱ्या स्विस कंपनीने आपल्या उत्पादनाचा दोष असल्याचे नाकारले. काही बाधित कुटुंबे बाझेलच्या न्यायालयापर्यंत गेली. तो निवाडा तिथे होईल. मात्र एक गोष्ट निवाड्याची वाट न पाहता सांगता येते. युरोपीय संघाने आणि नंतर स्वित्झर्लंडने आपापल्या शेतांतून हे रसायन केव्हाच काढून टाकले होते. आणि १ जानेवारी २०२१पासून स्वित्झर्लंडने त्याची निर्यातही बंद केली. भारत सरकारने मे २०२०मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात डायफेन्थ्युरॉनचे नाव नव्हते.

आता दवाखान्यात जाऊ. फवारणीची बाधा झालेला रुग्ण आला की ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या हाती पहिले औषध येते ते ॲट्रोपिन. ते योग्यही आहे, कारण बहुसंख्य रुग्ण ऑरगॅनोफॉस्फेटचे असतात. लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या ही त्याची ओळख आणि रक्तातले कोलिनेस्टरेज ही त्याची तपासणी. यवतमाळात ही तपासणी वेळेवर होत नसल्याचा मुद्दा तेव्हा गाजला. गाजायलाच हवा होता. पण ती तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणून ठेवली तरी मायटोकॉन्ड्रियावरचे विष तिच्यात दिसणार नाही. रिपोर्ट नॉर्मल येईल आणि रुग्ण घरी जाईल.

हा ‘घरी जाईल’ किती घातक ठरू शकतो हे क्लोरफेनापिरने दाखवून दिले आहे. कोबी आणि मिरचीवर ते सर्रास वापरले जाते. त्याचा मार्ग दुसरा, धरणाच्या भिंतीला भोक. प्रोटॉन टर्बाइन टाळून परस्पर वाहून जातात, ऊर्जा एटीपीत न जाता नुसत्या उष्णतेत जाते. हे विष पोटात गेलेला रुग्ण सुरुवातीचे काही दिवस बऱ्यापैकी ठीक दिसतो. बोलतो, चालतो, जेवतो. मग कधी आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा, दरदरून घाम फुटतो, ताप चढत जातो, भान हरपते आणि बरेच रुग्ण हाती लागत नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णने पुन्हा पुन्हा आली आहेत. यावर उतारा नाही. उपयोगी पडते ते एकच: पहिल्या दिवशीच विष ओळखून रुग्णाला सोडायचे नाही, लक्ष ठेवायचे.

हाच खेळ जगाने पूर्वी एकदा पाहिला आहे, तोही स्वखुशीने. १९३३मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी डायनायट्रोफेनॉल हे वजन उतरवायचे औषध म्हणून पुढे आणले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत याच रसायनाने कामगार घामाघूम होऊन मेले होते, तरीही. वर्षभरात अंदाजे एक लाख लोकांनी ते घेतले. चरबी खरोखर जळाली. सोबत मोतीबिंदू आले आणि मृत्यूही. १९३८च्या कायद्यानंतर ते औषध म्हणून बंद झाले. ‘चरबी जाळणारी गोळी’ म्हणून इंटरनेटवर ते आजही मिळते आणि त्याने तरुण मुले आजही मरतात. जिमच्या लॉकररूममध्ये असली पुडी कोणी पुढे केली तर नकार देण्याइतपत माहिती तरी प्रत्येक घरात असावी.

तिसरा मार्ग उपसा थांबवण्याचा. सायनाइड तसे करते हे बहुतेकांना रहस्यकथांमुळे माहीत असते. धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायूही नेमक्या त्याच एन्झाइमवर बसतो, हे मात्र गोळी वापरणाऱ्याला कोणी सांगत नाही. बंद खोलीत ती गोळी म्हणजे साक्षात मरण आणि तिलाही उतारा नाही. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. तिथे मिथेनॉलपासून शरीरात तयार होणारे फॉर्मिक ॲसिड याच ठिकाणी घाव घालते. डोळ्याच्या मज्जातंतूला अखंड ऊर्जा लागते, म्हणून अशा रुग्णांची दृष्टी जाते. पण मिथेनॉलचे एक बरे आहे. ते ओळखता येते, त्याला उतारा आहे, आणि डॉक्टरांना तो शिकवलेला असतो.

हे झाले लगेच मारणाऱ्या विषांचे. हळूहळू पोखरणाऱ्यांची कथा जास्त अस्वस्थ करते. १९८२मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या एका रुग्णालयात चाळिशीतला एक माणूस आणला गेला. शुद्धीवर, पण पुतळ्यासारखा थिजलेला. पार्किन्सन्स होतो साधारण साठीनंतर आणि वर्षानुवर्षांत. याला तो काही दिवसांत झाला होता. मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी माग काढला, तर असेच आणखी तरुण सापडले. सगळ्यांनी घरगुती प्रयोगशाळेत बनवलेले नकली हेरॉइन टोचून घेतले होते आणि त्यात एमपीटीपी नावाची भेसळ उतरली होती. मेंदूत गेल्यावर त्याचे रूपांतर एमपीपीप्लस या द्रव्यात होते आणि ते डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातली पहिलीच पायरी रोखते. त्या पेशी मरतात. या द्रव्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी कमालीची मिळतीजुळती आहे, हे तेव्हाच रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आले.

पुढे २०००मध्ये एमरी विद्यापीठात, हीच पायरी रोखणारे रोटेनोन दिलेल्या उंदरांत पार्किन्सन्ससारखी लक्षणे दिसली. रोटेनोन वनस्पतींच्या मुळांतून काढतात आणि ‘नैसर्गिक’ म्हणून परसबागेत वर्षानुवर्षे शिंपडले जाई. नैसर्गिक म्हणजे निर्धोक मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. २०११मध्ये अमेरिकेतल्या शेतीकामगारांच्या एका अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट हाताळलेल्यांत पार्किन्सन्सचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मेली म्हणून शेतातला माणूस आजारी पडेलच असेही नव्हे. पण युरोपाने पॅराक्वाट २००७मध्ये बंद केले. आपल्याकडे ते कृषी केंद्राच्या फळीवर उभे आहे.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही इथे दिशाभूल करतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते एका डोसात किती उंदीर मरतात यावरून. एकदा भरपूर घेतले तर काय, एवढेच ते सांगतात. सलग वीस दिवस थोडे थोडे कातडीतून आणि श्वासातून गेले तर पेशीच्या ऊर्जेचे काय होते, हे त्या रंगात नाही. निळा त्रिकोण पाहून ‘हे सौम्य आहे’ म्हणणारा मजूर अडाणी नाही. त्याला जे शिकवले तेच तो बोलतो.

सगळी रसायने फेकून द्या, असा याचा अर्थ कोणी काढू नये. क्लोरफेनापिर लावलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये केली, कारण साध्या मच्छरदाण्यांना न जुमानणारे डासही त्यांच्यामुळे मरतात आणि मलेरियापासून मुले वाचतात. वापर कुठे, कोणाच्या अंगावर आणि कोणत्या देखरेखीत, यावर सारे ठरते. आणि ‘मायटोकॉन्ड्रिया डिटॉक्स’च्या नावाने हजारो रुपयांच्या कॅप्सूल विकणाऱ्यांचा तर या प्रश्नाशी संबंधच नाही. त्यांचे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत एसीत बसलेले असते, ज्याच्या अंगावर फवाऱ्याचा थेंब कधी पडणार नाही.

ज्याच्या अंगावर पडतो त्याच्या नावे बहुधा सातबारा नसतो. शेतकऱ्यांच्या अपघात मदत योजनेची रचना खातेदाराभोवती आहे, रोजाने फवारणाऱ्याची नोंद कुठल्या वहीत नाही. म्हणून आजारी किती पडले, कशाने पडले, सहा महिन्यांनी त्यांचे काय झाले, हे कोणी मोजत नाही. कापूसपट्ट्यातल्या तालुक्यांनी फवारणी करणाऱ्या मजुरांची यादी ठेवणे आणि हंगामाआधी व नंतर त्यांची तपासणी करणे ही खर्चाची बाब नाही, इच्छेची आहे.

आणि एक तक्ता आधीच तयार आहे. कीड एकाच औषधाला सरावू नये म्हणून कीटकनाशकांची विभागणी ती किडीच्या शरीरात कुठे काम करतात त्यानुसार जगभर गटांत केलेली आहे. डायफेन्थ्युरॉन गट १२-अ, क्लोरफेनापिर गट १३, फॉस्फिन गट २४. सलग दोन फवारण्या एकाच गटातल्या करू नका, असे कृषी अधिकारी शेतकऱ्याला सांगतात ते याच तक्त्यावरून. पांढऱ्या माशीच्या पेशीत कोणता भाग बंद पडतो याची इतकी काळजीपूर्वक नोंद कृषी विभागाकडे आहे. ती आरोग्य विभागाकडे पोहोचलेली नाही. हाच तक्ता मराठीत, प्रत्येक गटासमोर ‘ॲट्रोपिन लागू पडते’ किंवा ‘पडत नाही, रुग्णाला दोन आठवडे नजरेखाली ठेवा’ एवढी ओळ जोडून, येत्या खरिपाआधी विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात कक्षात लावावा. आणि रुग्णाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांनी रिकामी बाटली सोबत आणावी, हे गावागावांत दवंडी पिटून सांगावे.